विस्मरणाची दंतकथा

निवडणुकीचा निकाल मनासारखा लागला नाही की आपल्याकडील सुशिक्षितांच्या ओठांवर एक वाक्य तयारच असते : ‘जनतेची स्मरणशक्ती अल्प असते.’ चहाच्या टेबलावर हे वाक्य टाकले म्हणजे पुढचा विचार करण्याचे कष्ट वाचतात. बोलणारा शहाणा ठरतो, लोक मूर्ख ठरतात आणि बैठक मोडते. या वाक्याला आधार म्हणून जे उदाहरण हमखास पुढे केले जाते, ते इंदिरा गांधींच्या पुनरागमनाचे. आणीबाणी लादणाऱ्या आणि लाखाहून अधिक माणसांना तुरुंगात डांबणाऱ्या बाईंना लोकांनी मार्च १९७७ मध्ये सत्तेवरून खाली खेचले आणि पुरती तीन वर्षेही झाली नाहीत तोच, जानेवारी १९८० मध्ये, त्यांना पुन्हा मखरात बसवले. लोक विसरतात याला आणखी कोणता पुरावा हवा?

माझे म्हणणे असे की हा पुरावा मुळातच लंगडा आहे. लोक काही विसरले नव्हते. विसरायला निघाले होते ते दुसरेच कोणी, आणि आपले अपयश झाकण्यासाठी त्यांनीच लोकांच्या स्मरणशक्तीवर ठपका ठेवला. हे जरा सविस्तर सांगितले पाहिजे. कारण एखादा वादग्रस्त नेता सत्तेवरून पायउतार झाला आणि तो पुन्हा येईल काय याची कुजबुज सुरू झाली की हीच दंतकथा आपल्याला पुनःपुन्हा ऐकवली जाते. आपणही ती माना डोलावून ऐकतो.

प्रथम १९७७ चाच निकाल पाहू. ‘जनतेने इंदिराबाईंना झिडकारले’ हे विधान आपण सरसकट करतो. पण कोणत्या जनतेने? उत्तर प्रदेशातील ८५ आणि बिहारमधील ५४ जागांपैकी एकही जागा काँग्रेसला मिळाली नाही, हे खरे. खुद्द रायबरेलीत इंदिराबाई राजनारायण यांच्याकडून ५५ हजारांहून अधिक मतांनी पराभूत झाल्या. पण त्याच दिवसांत आंध्र प्रदेशातील ४२ पैकी ४१ आणि कर्नाटकातील २८ पैकी २६ मतदारसंघांनी काँग्रेसला निवडून दिले. केरळात तर काँग्रेसप्रणीत आघाडीने वीसच्या वीस जागा जिंकल्या. आपल्या महाराष्ट्राने ४८ पैकी २० जागा काँग्रेसच्या पदरात टाकल्या, जनता पक्षाच्या पदरात १९. साऱ्या देशाचा हिशेब केला, तर त्या पडझडीतही शंभरातील चौतीस-पस्तीस मतदारांनी काँग्रेसलाच मत दिले होते. ज्यांनी बाईंना कधी झिडकारलेच नव्हते, ते त्यांचे अपराध ‘विसरले’ असे कसे म्हणता येईल?

उत्तर आणि दक्षिण यांच्यात हा भेद का पडला, हेही उघड आहे. आणीबाणीचा वरवंटा सर्वत्र सारखा फिरला नव्हता. नसबंदीची सक्ती, झोपडपट्ट्यांवरील बुलडोझर, तुर्कमान गेटसारखे प्रकार यांचा जाच उत्तरेतील गोरगरिबांनी अंगावर सोसला. १९७५ ते १९७७ या दोन आर्थिक वर्षांत देशभरात एक कोटी सात लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतून ओढवलेल्या १,७७४ मृत्यूंची नोंद पुढे शाह आयोगाने केली. ज्याच्या घरातून माणूस उचलून नेला गेला, त्याने मतपेटीत उत्तर दिले. ज्याच्या दाराशी ती गाडी आली नाही, त्याला आगगाड्या वेळेवर धावतात याचे कौतुक वाटत राहिले. लोकमत हा असा जागोजागी निराळ्या अनुभवातून बनणारा पदार्थ आहे. वर्तमानपत्रांचे अग्रलेख वाचून तो कळत नाही.

अग्रलेखांनी तर मार्च १९७७ मध्येच बाईंचा राजकीय मृत्युलेख लिहून ठेवला होता. ‘बाई परत येतील काय?’ हा प्रश्न तेव्हा विनोद म्हणून विचारला जाई. बाई मात्र घरी बसल्या नाहीत. जुलै १९७७ मध्ये त्या पवनारला विनोबांच्या भेटीला आल्या. ऑगस्टमध्ये बिहारमधील बेलछी या खेड्यात गेल्या. त्या गावी मे महिन्यात अकरा माणसांना ठार मारून जाळण्यात आले होते. मृतांत बहुसंख्य दलित होते. पावसाळ्याचे दिवस, रस्ता वाहून गेलेला. गाडी चिखलात रुतली तेव्हा त्या हत्तीच्या पाठीवर बसून पुढे गेल्या. ही नाटकबाजी होती असे आजही म्हटले जाते. असेलही. पण मग विचारावेसे वाटते की दुसऱ्या कोणी हे नाटक का केले नाही? केंद्रात आणि राज्यात सरकार जनता पक्षाचे, पोलीस त्यांचे, मंत्र्यांच्या दिमतीला हेलिकॉप्टरे त्यांची. नरसंहार झाल्यावर दोन-अडीच महिन्यांनी त्या गावात जो बडा पुढारी पोहोचला, तो सत्तेवरून हाकलली गेलेली एक साठीची बाई होती. बेलछीच्या विधवांनी तिच्यापुढे आपले दुःख मांडले, ते आणीबाणी विसरल्या म्हणून नव्हे. त्यांच्या समोर दुसरे कोणी उभेच नव्हते.

आता जनता पक्षाने अपराधाच्या चौकशीचे काय केले ते पाहू. कारण खरा दोष इथे आहे. न्यायमूर्ती जे. सी. शाह यांचा आयोग मे १९७७ मध्ये नेमला गेला. सर्वोच्च न्यायालयाच्या या माजी सरन्यायाधीशांनी काम चोख केले. ‘मिसा’खाली सुमारे पस्तीस हजार आणि भारत संरक्षण व अंतर्गत सुरक्षा नियमांखाली सुमारे पंचाहत्तर हजार माणसे अटकेत होती, हा आकडा आपल्याला कळला तो या आयोगामुळे. कोणत्या अधिकाऱ्याने कोणाच्या तोंडी आदेशावरून काय केले, याची त्यांनी कागदोपत्री छाननी केली. पण आयोगाला शिक्षा देण्याचा अधिकार नव्हता. ते काम न्यायालयांचे, आणि न्यायालयात खटला नेटाने उभा करणे हे सरकारचे.

सरकारला मात्र खटल्यापेक्षा तमाशाची घाई. ३ ऑक्टोबर १९७७ रोजी गृहमंत्री चरणसिंगांच्या आदेशावरून इंदिराबाईंना अटक झाली. दिल्लीबाहेर नेत असताना वाटेत रेल्वेचे फाटक बंद होते, तेव्हा बाई गाडीतून उतरून एका मोरीवर बसून राहिल्या. छायाचित्रकार होतेच. दुसऱ्या दिवशी दंडाधिकाऱ्यांनी, अटकेला पुरेसा आधार नाही, असे म्हणून त्यांना सोडून दिले. आरोप कोणते? निवडणूक प्रचारासाठी वापरलेल्या जीपगाड्या आणि एक तेलविषयक कंत्राट! लाखाहून अधिक माणसे विनाचौकशी गजाआड घालणाऱ्या राजवटीवर पहिली फिर्याद केली ती जीपगाड्यांची. ज्याने हे ठरवले त्याला कायदा कळत नव्हता आणि लोकही कळत नव्हते.

पुढे नोव्हेंबर १९७८ मध्ये चिकमगळूरच्या पोटनिवडणुकीत बाई ७७ हजारांवर मताधिक्याने निवडून आल्या, तेव्हा संसदेतील बहुमताने त्यांना हक्कभंगाच्या ठरावाने सभागृहातून बडतर्फ करून अधिवेशन संपेपर्यंत तिहारमध्ये पाठवले. हक्कभंग घडला नव्हता असे नाही. मारुती कारखान्याची माहिती गोळा करणाऱ्या अधिकाऱ्यांना छळल्याचा तो ठपका होता. पण फिर्यादीही आपण, न्यायाधीशही आपण आणि शिक्षा सुनावणारेही आपणच, हा न्याय खेड्यातल्या अडाणी माणसालाही पटत नाही. तो सुडाचा वास बरोबर ओळखतो. अपराधी व्यक्तीला हुतात्मा कसे करावे, याचा धडाच त्या आठवड्यात दिल्लीत गिरवला गेला.

आणि बाईंचा पश्चात्ताप? त्याविषयीही पुष्कळ बोलले जाते. जानेवारी १९७८ मध्ये आपल्या यवतमाळला झालेल्या जाहीर सभेत, आणीबाणीत झालेल्या चुका आणि अतिरेक यांची सारी जबाबदारी आपण स्वीकारतो, असे त्यांनी सांगितले. त्यांचे समर्थक आजही या सभेचा हवाला देतात. पण त्याच जानेवारी महिन्यात दिल्लीत शाह आयोगापुढे त्या हजर झाल्या आणि शपथ घेऊन साक्ष देण्यास त्यांनी नकार दिला. यवतमाळच्या मैदानावर जबाबदारी स्वीकारणे सोपे होते. तिथे उलटतपासणी घेणारा कोणी नव्हता. जिथे तारीखवार आणि नावानिशी उत्तरे द्यावी लागली असती, तिथे बाईंनी कायद्याच्या कलमांचा आडोसा घेतला.

धर्मगुरू म्हणून मला इथे थोडे बोलले पाहिजे. ‘फादर, झाले-गेले विसरावे, क्षमा करावी, हीच ना आपली शिकवण?’ असा प्रश्न अशा प्रसंगी धर्मग्रामातील भाविक मला विचारतात. क्षमा ही आपली शिकवण आहेच. पण प्रायश्चित्त संस्काराला सरसकट कबुली चालत नाही. ‘माझ्या हातून काही चुका झाल्या असतील’ एवढे पुटपुटून कोणी पापनिवेदनाच्या जाळीपासून उठून जाऊ शकत नाही. पाप सांगावे लागते, त्याचे दुःख वाटावे लागते आणि ज्याचे हिरावून घेतले त्याला ते परत करावे लागते. जक्कयाने चौपट परत करण्याची तयारी दाखवली, ती येशूला घरी जेवू घालत असताना. शिवाय क्षमा करण्याचा अधिकार ज्याला इजा झाली त्याचा. तुर्कमान गेटच्या माणसाच्या वतीने वसईतल्या माणसाने क्षमा वाटू नये. आणि क्षमा केली तरी घराच्या किल्ल्या त्याच माणसाच्या हाती पुन्हा द्याव्यात काय, हा प्रश्न स्वतंत्रपणे शिल्लक राहतोच. या दोन प्रश्नांची गल्लत करून राजकारणी लोक आपल्या धर्माच्या नावाने आपल्यालाच गंडवतात.

मग १९८० मध्ये लोकांनी किल्ल्या दिल्याच कशा? त्याचे उत्तर १९७९ च्या घडामोडींत आहे, आणि ते वाचताना आजही संताप येतो. ज्या जयप्रकाशांच्या आशीर्वादाने जनता पक्ष जन्मला, ते मूत्रपिंडाच्या विकाराने मुंबईच्या जसलोक रुग्णालयात खितपत होते. मार्च १९७९ मध्ये तर त्यांच्या निधनाची खोटी वार्ता खुद्द पंतप्रधान मोरारजी देसाईंनी लोकसभेत वाचून दाखवली, श्रद्धांजलीही वाहिली गेली; आणि जयप्रकाश तर जिवंत! आपल्या जनकाची प्रकृती कशी आहे, हेदेखील ज्या सरकारला धड ठाऊक नव्हते, त्याला खेड्यापाड्यातील माणसाची काय खबर असणार? जुलैमध्ये अविश्वासाच्या ठरावावर जॉर्ज फर्नांडिसांनी सरकारच्या बचावाचे घणाघाती भाषण केले आणि दोन-तीन दिवसांत तेच सरकार सोडून पलीकडच्या गोटात गेले. रायबरेलीत बाईंना हरवणारे राजनारायण संजय गांधींशी वाटाघाटी करीत होते. ज्या चरणसिंगांनी बाईंना अटक करवली, तेच चरणसिंग बाईंच्या पाठिंब्यावर पंतप्रधान झाले! तो पाठिंबा महिनाभरही टिकला नाही. खटले मागे घेण्याचा सौदा आपल्याला मान्य नव्हता, असे चरणसिंगांनी नंतर सांगितले. लोकसभेला एकदाही सामोरे न जाता त्यांना राजीनामा द्यावा लागला.

मी विचारतो, आणीबाणी प्रथम कोण विसरले? बाईंच्या तुरुंगात जे स्वतः बसले होते, तेच बाईंच्या दारी पंतप्रधानपद मागायला गेले. त्यांनी विसरले तर ते राजकारण आणि मतदाराने मत दिले तर ते विस्मरण, हा कुठला हिशेब?

त्यात १९७९ चा दुष्काळ आला. साखर, रॉकेल, कांदा यांचे भाव गगनाला भिडले. मी तेव्हा शाळकरी पोर होतो, पण कांद्यावरून घरोघरी चाललेली चर्चा मला आठवते. राज्यकर्त्यांची नावे माहीत नसलेल्या बायकांना कांद्याचा भाव तोंडपाठ होता. बाईंनी हे हेरले. काम करू शकेल असे सरकार निवडा, एवढेच त्यांनी मागितले. ‘दगडापेक्षा वीट मऊ’ ही म्हण आपल्या लोकांनी उगाच घडवलेली नाही. निकाल लागला : ३५३ जागा. महाराष्ट्रातील ४८ पैकी ३९.

पण जागांच्या राशीकडे पाहून डोळे दिपवून घेऊ नका, मते मोजा. शंभरातील साडेचौतीस मतांवरून बाईंचा पक्ष सुमारे त्रेचाळीसवर गेला. म्हणजे फार तर आठ-नऊ माणसांनी कौल बदलला. उरलेली सत्तावन्न मते बाईंच्या विरोधातच होती, ती विरोधकांनी आपापसांत वाटून वाया घालवली. १९७७ मध्ये शंभरातील साठाहून अधिक मतदार बाहेर पडले होते. १९८० मध्ये सत्तावन्नच्या आसपास. अनेकजण चिडून किंवा विटून घरीच राहिले. मुंबईने तर, जिथे कांद्यासाठी रांगा लागल्या होत्या, सहापैकी पाच जागा पुन्हा जनता पक्षाला दिल्या. कोकणात राजापूरने मधू दंडवत्यांना पुन्हा निवडून दिले. दुर्गाबाई भागवतांनी १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून, समोर राज्यकर्ते बसलेले असताना, जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला सांगितले होते, त्यापायी पुढे तुरुंगवासही सोसला. त्यांनी नंतर सरकारी सन्मान घेतले नाहीत. स्मरणशक्ती अशी ठिकठिकाणी शाबूत होती.

आता आपल्या समाजाविषयी. हा भाग काहींना रुचणार नाही, तरी लिहितो.

डिसेंबर १९७८ मध्ये जनता पक्षाचे खासदार ओमप्रकाश त्यागी यांनी लोकसभेत धर्मस्वातंत्र्य विधेयक आणले. नाव धर्मस्वातंत्र्याचे, पण आमिष, बळजबरी यांच्या मोघम व्याख्यांमुळे रुग्णसेवेवर किंवा शाळेवरही बोट ठेवता यावे, अशी त्याची रचना. विधेयक खाजगी होते तरी पंतप्रधानांनी त्याला सहानुभूती दाखवली. ख्रिस्ती समाजात अस्वस्थता पसरली, ठिकठिकाणी निषेध झाले; मदर तेरेसांनी मोरारजींना खुले पत्र लिहिले. लोकसभाच बरखास्त झाल्याने विधेयक बारगळले, पण त्या एका विधेयकाने आपल्यापैकी अनेकांचे मत इंदिराबाईंकडे वळवले. ‘बाई असत्या तर हे झाले नसते,’ हे उद्गार मी मोठ्या माणसांच्या तोंडून लहानपणी ऐकले आहेत, सेमिनरीत असताना ऐकले आहेत आणि आजही ऐकतो.

असत्या तर? बाई होत्याच की! रेव्हरंड स्टॅनिस्लॉस यांच्या खटल्यात धर्मांतरावर निर्बंध घालणारे मध्य प्रदेश व ओरिसा यांचे कायदे वैध ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १७ जानेवारी १९७७ चा, म्हणजे आणीबाणीतलाच. तो ज्यांच्या पीठाने दिला ते सरन्यायाधीश अजित नाथ राय यांना बाईंच्या सरकारने १९७३ मध्ये तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून त्या पदावर नेमले होते. आणि ज्या घरांत तेव्हा सहा-सहा, सात-सात मुले होती, त्या आपल्या घरांना हे तरी आठवायला हवे की १९७६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक संमत केले होते. देशात असे पाऊल उचलणारे हे पहिले राज्य. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायद्याच्या पुस्तकात आले नाही. आले असते तर वसईच्या किती घरांच्या दाराशी पोलीस आले असते, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

‘आणीबाणीचा आपल्याला कुठे त्रास झाला?’ हेही एक लाडके वाक्य. आपल्याला म्हणजे कोणाला? जॉर्ज फर्नांडिस हे मंगळूरच्या कॅथलिक घरातले. सोळाव्या वर्षी बंगळूरच्या सेंट पीटर्स सेमिनरीत दाखल झालेले आणि ती सोडून मुंबईच्या कामगारांत आलेले. १९६७ मध्ये स. का. पाटलांना दक्षिण मुंबईत त्यांनी धूळ चारली तेव्हा आपल्या लोकांनी छाती फुगवली होती. मे १९७६ मध्ये भूमिगत जॉर्जचा ठावठिकाणा काढण्यासाठी बंगळूरच्या पोलिसांनी त्यांचे बंधू लॉरेन्स यांना पकडून असे मारले की ते शरीराने पुन्हा पूर्वीसारखे झाले नाहीत. ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेल्या अभिनेत्री स्नेहलता रेड्डी यांना दमा असताना बंगळूरच्या तुरुंगात महिनोन्‌महिने डांबले गेले. पॅरोलवर सुटल्यावर पाचच दिवसांनी, २० जानेवारी १९७७ रोजी, त्या वारल्या. या दोघांची नावे आपल्या घरांतून कितीदा ऐकू आली? त्यागी विधेयक आठवते, कारण ते आपल्या संस्थांवर येणार होते. लॉरेन्स आठवत नाही, कारण ते आपल्या धर्मग्रामातले नव्हते. याला मी विस्मरण म्हणणार नाही. ही निवड आहे, आणि ती आपण जाणूनबुजून केली आहे.

पुनरागमनानंतर काय झाले, ते थोडक्यात. फेब्रुवारी १९८० मध्ये नऊ राज्यांची सरकारे बरखास्त झाली, महाराष्ट्रातील शरद पवारांचेही. जनता पक्षाने १९७७ मध्ये नऊच राज्यांत तेच केले होते, त्यामुळे तक्रार करायला त्यांना तोंड उरले नव्हते. ‘मिसा’ रद्द झाला होता. सप्टेंबर १९८० मध्ये राष्ट्रीय सुरक्षा अध्यादेश आला, डिसेंबरात त्याचा कायदा झाला आणि विनाचौकशी स्थानबद्धता नव्या नावाने परत आली. आणीबाणीविषयीचे खटले विरून गेले. कोणी हरकत घेतली की उत्तर तयार असे : जनतेच्या न्यायालयाने निकाल दिला आहे. हे ‘जनतेचे न्यायालय’ नावाचे प्रकरण मला सर्वांत घातक वाटते. मतपत्रिकेवर चिन्हे असतात, आरोपपत्र नसते. मतदाराला एकच प्रश्न विचारलेला असतो, उद्या कारभार कोणी करावा. कालच्या गुन्ह्याविषयी त्याला कोणी विचारतच नाही. त्याने पहिल्या प्रश्नाला दिलेले उत्तर दुसऱ्या प्रश्नाखाली चिकटवणे ही सरळसरळ लबाडी आहे, मग ती कोणत्याही पक्षाने करो.

बाईंविषयी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. १९७७ ची निवडणूक त्यांनी स्वतः घेतली आणि पराभव झाल्यावर निमूटपणे पद सोडले. दुसरी गोष्ट जनता पक्षाच्या बाजूने. आरडाओरडा न करता, विरोधकांशी बोलून त्यांनी जे एक काम केले ते टिकले : १९७८ ची ४४ वी घटनादुरुस्ती. ‘अंतर्गत अशांतता’ या मोघम कारणासाठी आता आणीबाणी लादता येत नाही, सशस्त्र उठाव व्हावा लागतो. आणि जीविताचा हक्क आणीबाणीतही स्थगित होत नाही. एप्रिल १९७६ मध्ये हाच हक्क नागरिकाला नाही असे सर्वोच्च न्यायालयाचे चार न्यायमूर्ती म्हणाले होते. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना विरोधात गेले आणि त्यापायी त्यांचे सरन्यायाधीशपद हुकले. त्या चौघांचा निकाल न्यायालयाने उघडपणे मोडीत काढायला २०१७ साल उजाडले. ३५३ जागा हाती असूनही बाईंनी ही घटनादुरुस्ती उलटवली नाही. चरणसिंगांच्या त्या अटकेपेक्षा या दोन-चार वाक्यांच्या बदलाने देशाला अधिक राखले आहे.

२०२५ पासून २५ जून हा दिवस ‘संविधान हत्या दिवस’ म्हणून सरकारी इतमामाने पाळला जातो. आणीबाणीची आठवण ठेवावी हे योग्यच. पण त्याच सरकारच्या अमदानीत, ऑक्टोबर २०२० मध्ये, फादर स्टॅन स्वामी या ८३ वर्षांच्या येशूसंघीय धर्मगुरूंना बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली अटक झाली. हात कापतात म्हणून पाणी पिण्यासाठी नळीचा पेला मिळावा, यासाठी त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला. आरोपांची सुनावणीही सुरू झाली नव्हती, जामीन मिळाला नव्हता, तोच ५ जुलै २०२१ रोजी मुंबईच्या होली फॅमिली रुग्णालयात त्यांचे निधन झाले. तो कायदा मुळात १९६७ चा, इंदिराबाईंच्याच कारकिर्दीतला; नंतरच्या सरकारांनी, दोन्हीही बाजूंच्या, त्याला धार लावली. तेव्हा आपण मेणबत्त्या लावल्या, रडलो. त्याआधी तोच कायदा इतरांना लागत होता तेव्हा आपण काय करीत होतो?

शाह आयोगाच्या अहवालाचे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. तीन खंडांचा तो अहवाल १९७८ मध्ये पूर्ण झाला. १९८० नंतर त्याच्या प्रती दिसेनाशा झाल्या. सरकारने त्या परत मागवल्या, असे म्हटले जाते. पुढे तीस वर्षे अभ्यासकांनाही तो सहज मिळत नसे. अखेर तमिळनाडूचे ज्येष्ठ माजी खासदार इरा सेझियन यांना आपल्याच जुन्या कागदपत्रांत एक प्रत सापडली आणि २०१० मध्ये त्यांनी ती पुस्तकरूपाने छापून काढली. लॉरेन्स फर्नांडिस यांच्या छळाची हकीकत तीत आहे. आमच्या धर्मग्रामाच्या वाचनालयासाठी ते पुस्तक मी मागवले आहे. इंग्रजी आहे, जाड आहे आणि रुक्ष आहे. ज्यांना जनतेच्या स्मरणशक्तीची काळजी वाटते, त्यांनी येऊन ते घेऊन जावे. वाचून झाल्यावर परत आणून द्यावे.